खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीतील शेवाळ : औषधाच्या बाटलीआधी हिशोब

मीरा रोडला राहणारे एक चाचा माझे गिऱ्हाईक आहेत. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, उभी हयात जहाजावर इंजिन खात्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी दिवाणखान्यात दोन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. दोन क्लाउन मासे, एक कोळंबी, बटणांसारखे दिसणारे झोअँथिड आणि मशरूम जातीची दोन-तीन मऊ प्रवाळे. चार महिने टाकी आरशासारखी स्वच्छ होती. पाचव्या महिन्यात त्यांचा फोन आला, "बेटा, दगडांना हिरवी दाढी आली आहे. एखादी बाटली घेऊन ये."

मी गेलो, पण बाटली नेली नाही. त्यामागे माझ्या स्वतःच्या चुकीची कहाणी आहे. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका दवाखान्यातील टाकीला असेच शेवाळ आले होते. मी गोड्या पाण्याच्या टाक्यांत वापरतो तेच शेवाळनाशक मापून ओतले. बाटलीत काय आहे ते वाचण्याची तसदी घेतली नाही. त्यात तांब्याचा क्षार होता, म्हणजे आपल्या मोरचुदाच्या जातीचा पदार्थ. मासे वाचले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोगलगायी उताण्या पडलेल्या, कोळंबी मेलेली आणि प्रवाळे आक्रसून काळवंडलेली. तांबे दगडांत आणि वाळूत मुरते व पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहते. त्यामुळे ते दगड पुन्हा कोळंबी-प्रवाळांच्या टाकीत वापरण्याच्या लायकीचे उरले नाहीत. सर्व सामान मी पदरमोड करून बदलून दिले. तरी ते गिऱ्हाईक टिकले नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

मत्स्यालयांची देखभाल हा कमी भांडवलात सुरू होणारा धंदा आहे. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत दवाखाने, कार्यालये आणि हौशी घरे यांच्या टाक्या सांभाळून अनेक तरुण पोट भरतात. गोड्या पाण्यावर हात बसला की ते खाऱ्या पाण्याकडे वळतात, कारण तिथे मेहनताना जास्त मिळतो. मात्र खाऱ्या टाकीचा करार तुटतो तो बहुधा मासे मेल्यामुळे नव्हे, शेवाळामुळे. मासा मेला तर मालक हळहळतो. शेवाळ त्याला रोज पाहुण्यांसमोर दिसते. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा.

आधी ओळख, मग उपाय

टाकीत जे काही उगवते त्या सगळ्याला आपण शेवाळ म्हणतो. पण त्यात निरनिराळ्या जीवांची भेसळ आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला खतासारखा लागू पडतो.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी पूड पसरल्यासारखी दिसते. हे डायटम. पाण्यातील आणि नव्या वाळूतील सिलिकेटवर ते वाढतात व सिलिकेट संपले की आपोआप ओसरतात. मालकाला धीर द्यावा आणि काच पुसावी, एवढेच काम. नवखे लोक याच वेळी घाबरून औषधे ओतू लागतात.

लालसर किंवा जांभळट, बुळबुळीत, चादरीसारखा सोलून निघणारा थर वाळूवर आला तर ते शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू आहेत. जिथे पाण्याचा प्रवाह मंद आणि घाण साचलेली, तिथे ते बसतात. नळीने ओढून काढावेत, पॉवरहेडचे तोंड त्या कोपऱ्याकडे वळवावे. काही जण त्यावर एरिथ्रोमायसीन हे प्रतिजैविक घालतात. त्याने थर जातो, पण टाकीतील उपयोगी जिवाणूंनाही धक्का पोचतो, आणि साचलेली घाण जागेवरच राहिल्याने थर बहुधा परत येतो.

दगडांवर हिरव्या केसांसारखे वाढते ते केसाळ शेवाळ. चाचांकडे हेच होते. त्याच्यासारखेच दिसणारे, पण नीट पाहिल्यास प्रत्येक काडी पिसासारखी असलेले ब्रायोप्सिस निराळे. ते गोगलगायी सहसा खात नाहीत आणि उपटले तरी मुळाच्या तुकड्यातून पुन्हा उगवते. त्यावर हौशी लोक माणसांच्या बुरशीवरील फ्लुकोनाझोल ही गोळी वापरतात. त्याने ब्रायोप्सिस मरते हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. मात्र ते टाकीतच कुजले तर त्यातील सगळे खत पाण्यात उतरते, म्हणून आधी हाताने जमेल तेवढे काढून मगच गोळीचा विचार करावा. चकचकीत हिरव्या गोट्यांसारखे दिसते ते व्हॅलोनिया. ती गोटी न फोडता बुडापासून सुटी करावी.

आता सर्वांत फसवा प्रकार. तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले. दिवसा दिवे लागले की वाढतात, रात्री दिवे गेले की बऱ्याच नाहीशा होतात, आणि सकाळी मालक खूश होतो. हे डायनोफ्लॅजेलेट. यांच्या काही जाती विषारी असून त्या खाऊन गोगलगायी मरतात. सूक्ष्मदर्शक नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. थोडा चिकट पदार्थ टाकीच्याच पाण्यासह छोट्या बाटलीत घ्यावा, जोरात हलवावा, कॉफी गाळण्याच्या कागदातून पेल्यात गाळावा आणि तो पेला तासभर उजेडात ठेवावा. गाळलेल्या पाण्यात पुन्हा तारा जुळून आल्या तर डायनो समजावे. डायटम असे जुळत नाहीत.

ही ओळख का महत्त्वाची? केसाळ शेवाळ बहुधा पाण्यात खत जास्त झाल्याने येते, तर डायनो बहुतेक वेळा पाण्यात खत अजिबात न उरल्याने माजतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की त्यांचे प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि रान मोकळे होते. अशा टाकीत कोणी शेवाळ समजून आणखी पाणी बदलले, आणखी फॉस्फेट काढले, तर त्याने आगीत तेल ओतले.

दोन फुटांच्या टाकीचा हिशोब

चाचांची टाकी २४ इंच लांब, १२ इंच रुंद, १५ इंच उंच. काठोकाठ भरली तर सुमारे ७० लिटर. दगड, वाळू आणि वर सोडलेली जागा वजा जाता खरे पाणी ५५ लिटर. छोट्या टाकीचे सारे दुखणे या आकड्यात आहे. मोठ्या टाकीत खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

मी टेस्ट किट लावले. नायट्रेट ४० पीपीएम निघाले, फॉस्फेट मात्र जवळजवळ शून्य. चाचा म्हणाले, "मग फॉस्फेटचा प्रश्नच नाही." इथे भले भले फसतात. किट फक्त पाण्यात उरलेले फॉस्फेट मोजते. शेवाळाने ओढून घेतलेले मोजत नाही. शेत हिरवेगार उभे असताना मातीत खत सापडले नाही, म्हणून खत पडलेच नाही असे कोणी म्हणत नाही.

मग खत येते कुठून? पहिला संशय पाण्यावर घ्यावा. टाकीतून रोज जे पाणी उडून जाते ते निव्वळ पाणी असते. मीठ आणि इतर क्षार मागे राहतात. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे, हे बहुतेकांना माहीत असते. पण गोडे पाणी कसले? चाचा स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे पाणी घालत. मी टीडीएस मीटर बुडवला तर आकडा ९० आला. घरगुती आरओ यंत्रांत पाण्याला चव यावी म्हणून थोडे न गाळलेले पाणी परत मिसळण्याची सोय पुष्कळदा असते. पिण्यासाठी ते ठीक आहे. टाकीसाठी नाही. त्यांच्याकडे पंख्याच्या वाऱ्यामुळे रोज सुमारे एक लिटर पाणी उडत होते. महिन्याला ३० लिटर, प्रत्येक लिटरमागे ९० मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याकाठी सुमारे पावणेतीन ग्रॅम विरघळलेला माल ५५ लिटर पाण्यात साचत होता. तो सगळा शेवाळाचे खाद्य नसतो हे खरे, पण त्यात काय काय आहे ते कोणालाच ठाऊक नसते. सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर अधिकच जपावे. आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडून टीडीएस शून्यावर आणावा आणि महिन्यातून एकदा मीटरने खात्री करावी. मीटर फार महाग वस्तू नाही. धंदा करणाऱ्याच्या खिशात तो असलाच पाहिजे.

दुसरा संशय खाण्यावर. मी विचारले, "चाचा, दाणे कोण घालते?" म्हणाले, "सकाळी मी, चिमूटभर." तेवढ्यात आतून सूनबाई म्हणाल्या, "आणि दुपारी शाळेतून आल्यावर तुमचा नातू, मूठभर." नातू सात वर्षांचा. मासे काचेजवळ येतात ते आपल्याशी बोलायला, असे त्याचे मत.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कोरड्या मत्स्यखाद्यात साधारण एक टक्का किंवा त्याहून अधिक फॉस्फरस असतो. एक ग्रॅम दाण्यांत १० मिलिग्रॅम धरला तरी त्याचे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट होते. ५५ लिटर पाण्यात ते सारे उतरले तर अर्ध्या पीपीएमहून जास्त. आणि अशा टाकीत आपण ठेवू पाहतो ते फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. म्हणजे एका ग्रॅमची उधळण वरच्या मर्यादेच्या पाचपट. सगळे एकदम विरघळत नाही, काही माशांच्या अंगी लागते, काही पाणी बदलताना जाते. तरी नातवाच्या मुठीचे वजन लक्षात यावे. दोन लहान क्लाउन माशांना दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. गोठवलेले खाद्य असेल तर ते वाटीत वितळवून बारीक जाळीत धुवावे आणि वितळलेले पाणी मोरीत टाकावे, टाकीत नव्हे. नातवासाठी आम्ही एका डबीत रोजचे मोजून सहा दाणे ठेवण्याची व्यवस्था केली. त्याचा मान राहिला आणि टाकीही.

तिसरी गोष्ट उजेड. दुपारचे ऊन खिडकीतून तिरपे येऊन टाकीच्या एका टोकावर पडत होते आणि दाढी त्याच टोकाला जास्त होती. पडदा लावला. दिवा सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत चालू असे. त्याला टायमर बसवून ८ तासांवर आणला. नुसता उजेड कमी करून शेवाळ जाते असे मात्र समजू नये. प्रवाळांच्या अंगातही उजेडावर जगणारे सूक्ष्म शैवाल असते. शेवाळाला उपाशी ठेवण्याच्या नादात प्रवाळ उपाशी राहते.

साफसफाई

कारणे हाताळल्यावर मगच हात घालावा. दगड एकेक करून बाहेर काढले, टाकीतूनच काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत धरून दात घासण्याच्या ब्रशने घासले. चिवट जागी ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड, जे औषधांच्या दुकानात मिळते, ते टाकीबाहेर ब्रशने लावले, दोन मिनिटांनी धुवून दगड परत ठेवला. प्रवाळाच्या अंगाला ते लागू देऊ नये. टाकीतल्या टाकीत घासणे हा आळस महागात पडतो. सुटलेला प्रत्येक तुकडा दुसरीकडे जाऊन रुजतो.

पाणी बदलण्याचे गणित मालकाला कागदावर मांडून दाखवावे. नायट्रेट ४० असताना दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले तर चार आठवड्यांनी ते सुमारे २६ होते. २५ टक्के बदलले तर सुमारे १३. अर्थात मधल्या काळात नवी भर पडली नाही असे धरून. ५५ लिटरच्या टाकीत २५ टक्के म्हणजे १४ लिटर, एका बादलीचे काम. या आकाराला महागडा स्किमर गळ्यात मारण्याची गरज नसते. मीठ मिसळलेले पाणी एक दिवस आधी तयार ठेवावे, क्षारता ३५ आणि तापमान टाकीइतकेच असावे. मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅन भरून समुद्राचे पाणी आणणारे महाभाग अजून भेटतात. त्या पाण्यात शहराचे सांडपाणी असते, म्हणजे आपण विकतचे दुखणे फुकट आणतो.

फॉस्फेटबाबत मात्र पाणी बदलणे अपुरे पडते, आणि इथेच मी चाचांकडे दुसरी चूक करणार होतो. फॉस्फेट चुनखडीच्या दगडांत शोषले जाते. पाण्यातले कमी केले की दगड आपल्याजवळचे परत सोडतात. शेवाळ उपटल्यावर आठवड्याभरात किटवर शून्याऐवजी ०.२ दिसू लागले. चाचा म्हणाले, "तू आलास आणि वाढले!" खरे तर खाणारे गेल्याने लपलेले बाहेर आले होते. मी लोहाच्या ऑक्साइडचे दाणे, ज्यांना बाजारात जीएफओ म्हणतात, ते पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवले आणि उत्साहाच्या भरात पाकिटावरचे पूर्ण माप घातले. तीन दिवसांत फॉस्फेट किटवर शून्य आणि झोअँथिड मिटलेले. वाळूवर दोन-तीन तपकिरी तारा दिसताच पिशवी काढून घेतली. पुढे पाव मापाने सुरुवात केली आणि दर आठवड्याला मोजत गेलो. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास स्थिर झाल्यावर प्रवाळे पुन्हा उघडली. शून्य हा आकडा या धंद्यात फक्त टीडीएस मीटरवर चांगला.

दगड स्वच्छ झाल्यावर ते तसे राखणारे चरणारे जीव हवेत. १९८३-८४ साली कॅरिबियन समुद्रात डायडेमा नावाचे लांब काट्यांचे अर्चिन साथीच्या रोगाने प्रचंड संख्येने मेले. शेवाळ खाणारे मासे तिथे आधीच अतिमासेमारीने संपत आले होते. चक्रीवादळांनी प्रवाळे मोडली ती वेगळीच. परिणामी जमैकाच्या किनाऱ्यावर १९७० च्या दशकाअखेर निम्म्याहून अधिक तळ प्रवाळांनी झाकलेला होता, तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ५ टक्क्यांच्याही खाली आला आणि त्यांच्या जागी शेवाळ माजले. समुद्राची ही गत, तर ५५ लिटरची काय कथा! चाचांकडे मी चार गोगलगायी आणि दोन शंखी खेकडे सोडले. दहा-वीस सोडू नयेत. शेवाळ संपल्यावर त्या भुकेने मरतात आणि त्यांच्याच कुजण्याने नवे खत तयार होते. शेवाळ खातो म्हणून सर्जन किंवा टँग जातीचा मासा दोन फुटांच्या टाकीसाठी विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला फसवतो. त्या माशाला पोहायला कित्येक पट जागा लागते.

माल कुठून घ्यावा याबद्दलही सावध असावे. दगड तयार करणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि काही मोठ्या जातींच्या शंखांनाही तेव्हापासून संरक्षण आहे. समुद्रातून फोडून आणलेला 'जिवंत दगड' म्हणजे पुष्कळदा असे प्रवाळच असते. तो स्वस्तात मिळाला तरी हात लावू नये. कोरडा किंवा कृत्रिम दगड आणि बाटलीतले जिवाणू यांवर टाकी उत्तम उभी राहते, आणि दगडाबरोबर येणारे ब्रायोप्सिस, व्हॅलोनिया यांचा उपद्रवही बराच टळतो. आयात केलेल्या जिवांची पावती व कागद मागून घ्यावेत.

काही जण फिल्टरच्या कप्प्यात मुद्दाम दुसरे शेवाळ वाढवतात, म्हणजे खत ते खाते. यासाठी तारांच्या गुंतवळ्यासारखे दिसणारे कीटोमॉर्फा बरे. कॉलर्पा टाळावे. ते कधी कधी एका रात्रीत पांढरे पडून सारे साठवलेले खत पाण्यात सोडते. शिवाय काढलेले शेवाळ नाल्यात किंवा खाडीत टाकू नये. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालील समुद्रात कॉलर्पाची एक मत्स्यालयी जात आढळली आणि पुढे ती भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. २००० साली तीच कॅलिफोर्नियाच्या खाजणात सापडली आणि तिचा नायनाट करायला २००६ उजाडले. आपण ते उन्हात वाळवून कचऱ्यात टाकावे.

चाचांची टाकी ताळ्यावर यायला सात आठवडे लागले. पहिल्याच दिवशी मी त्यांना दोन महिने सांगितले होते. आठ दिवसांत करून देतो असे म्हटले असते तर नवव्या दिवशी माझा फोन वाजला असता. करारात बाटल्यांचे नव्हे, भेटींचे पैसे लावले. पहिले दोन महिने आठवड्याला एक भेट, नंतर पंधरवड्याला. दर भेटीला टाकीशेजारी ठेवलेल्या वहीत तारीख, क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट, टीडीएस आणि बदललेले पाणी असे सहा रकाने भरतो. चाचा इंजिन रूमच्या नोंदवहीत मुरलेले. ते मधल्या दिवसांचे तापमानही लिहून ठेवतात आणि मी एखादा रकाना मोकळा सोडला तर बोट ठेवून दाखवतात.

पुढची काच मी दर भेटीला खरवडतो. मागच्या काचेवरचा हिरवा थर तसाच ठेवतो, कारण गोगलगायींना चरायला दुसरे काही उरलेले नाही. नातवाची डबी अजून चालू आहे. हल्ली तो सहाच्या जागी सात दाणे मागतो.